यंत्रालाही ताप येतो

ईदी जमली की घरोघरी एकच विषय निघतो, नवा मोबाइल. आमच्याही घरी यंदा तेच झाले. "अब्बू, गेम अडकतो. प्रोसेसर जुना झालाय," चिरंजीवांची तक्रार. मोबाइल जेमतेम दोन वर्षांचा. आम्ही हातात घेऊन पाहिला तर पाठ चांगलीच तापलेली. कव्हर काढून पंध्रा मिनिटे पंख्याखाली ठेवला, आणि गेम पुन्हा पहिल्यासारखा चालू लागला. प्रोसेसर म्हातारा झाला नव्हता, त्याला ताप आला होता.

प्रोसेसर जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज दीडपट केले की खर्च सव्वादोनपट, वेगाचा खर्च त्यावर वेगळा. म्हणजे थोड्या वेगासाठी पुष्कळ उष्णता पदरात घ्यायची. इंटेलसारख्या कंपनीलाही २००४ साली ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द करावा लागला. पुढे नुसता वेग वाढवण्याऐवजी एकाच प्रोसेसरमध्ये दोन, चार कोअर बसवण्याचा रस्ता धरला गेला.

मोठ्या संगणकात आरटीएक्स ४०९० हे एकटे ग्राफिक्स कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज खाते, पण त्याला मोठमोठे पंखे असतात. बहुतेक मोबाइलमध्ये पंखा नसतो. त्याचा प्रोसेसर सलग चार-पाच वॅटच्या आसपासच तग धरतो. त्यापुढे तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. खोक्यावर छापलेला वेग बहुधा पहिल्या काही मिनिटांचा असतो, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमध्ये तर हा प्रश्न तब्येतीचा होतो. मान वळली आणि चित्र मागे राहिले, की डोळे एक सांगतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरेच. मग मळमळ होते, डोके गरगरते. म्हणून २०१६ च्या ऑक्युलस रिफ्टमध्ये सेकंदाला ९० चित्रे दाखवली जात, म्हणजे एका चित्रासाठी फक्त ११ मिलिसेकंद. त्यासाठी तो तारेने दमदार संगणकाला जोडावा लागे. २०२० च्या क्वेस्ट २ मध्ये प्रोसेसर आणि बॅटरी हेडसेटमध्येच आली. वजन सुमारे अर्धा किलो, आत एक छोटा पंखा. चेहऱ्याला टेकलेले यंत्र फार तापून चालत नाही, म्हणून त्यातली चित्रे मोठ्या संगणकापेक्षा साधी ठेवावी लागतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे त्याची कंपनीच सांगते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा चार्जिंगला लावून खेळू नये, उशीखाली किंवा गादीवर मोबाइल ठेवू नये. जास्त उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते. गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स आणि फ्रेम रेट एक पायरी खाली आणावा. तापलेला मोबाइल फ्रीजमध्ये मात्र कधीही ठेवू नका, आत दमट साचते. नवा घ्यायचाच असेल तर अर्धा तास सलग खेळल्यावर तो कसा चालतो, याची चौकशी आधी करा.

चालता मोबाइल टाकून नवा घेणे हा इस्राफच. पण त्या दिवशी आम्हाला खरी काळजी वेगळीच वाटली. मोबाइल तापला, दोनदा मंदावला, तरी मुलगा उठला नव्हता. असरची अजानही त्याच्या कानावरून गेली होती. मर्यादा आली की यंत्र आपोआप हळू होते, मुलांना ते शिकवावे लागते. सध्या आमच्या घरी ठरले आहे, मोबाइलची पाठ गरम लागली की खेळ बंद, तोही गार आणि आपणही. ईदी अजून डब्यातच आहे. अल्लाह आपल्या मुलांना मीजान सांभाळण्याची समज देवो, आमीन.