श्वासाचा दाखला कुणी द्यायचा?

‘यांच्याबरोबर कोण आहे?’

विमानतळाच्या काउंटरवरच्या तरुणाने हे मला नाही, मागे उभ्या असलेल्या माझ्या बहिणीला विचारलं. तिकीट माझ्या नावाचं, पैसे माझ्या पगाराचे, दिल्लीच्या बैठकीचं बोलावणंही मलाच. पण मी चाकाच्या खुर्चीत होते आणि मांडीवर श्वासाचं यंत्र होतं. तेवढ्यावरून माझ्याविषयीचं बोलणं माझ्या डोक्यावरून सुरू झालं. बायकांना हे नवीन नाही.

मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. यात स्नायू हळूहळू दुबळे होतात. हातापायांचे तसे श्वासाचेही. भाता धड आहे, पण तो ओढणारे हात थकले आहेत. म्हणून रात्री मी बायपॅप लावते. ते यंत्र मास्कमधून माझ्या श्वासाला रेटा देतं.

विमानात अडचण येते, हे मी नाकारत नाही. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फूट; म्हणजे त्याहून उंच जागी आपण तासन्‌तास बसतो. ८ हजार फुटांवर ऑक्सिजन इतका विरळ, की हवेत २१ ऐवजी १५ टक्केच असावा. धडधाकट माणूस नकळत जास्त श्वास घेऊन भरपाई करतो. दुबळ्या स्नायूंना ते जमत नाही. ‘मग ऑक्सिजन लावा,’ असं कुणीही म्हणेल. पण आमच्यापैकी काहींच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. नुसत्या ऑक्सिजनने बोटावरच्या यंत्रातला आकडा चांगला दिसतो आणि आतला धोका झाकला जातो. म्हणून प्रवासाआधी श्वासाची ताकद बसून आणि झोपून मोजायला हवी, रक्तातले वायू तपासायला हवेत. यंत्र जवळच ठेवायला हवं. जादा बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते. ती १०० वॉट-अवरहून मोठी असेल तर कंपनीची आधी परवानगी घ्यावी लागते.

हे सारं करून गेलेल्या बाईला ‘तुम्हाला काय लागेल?’ असं विचारायचं की ‘ही चालेल का?’ असं?

२०१२ साली जीजा घोष गोव्यातल्या परिषदेला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. कोलकात्यात विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवलं गेलं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. २०२२ साली नियम आणखी स्पष्ट झाला : केवळ अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही, तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासून स्पष्ट मत द्यायचं. नियम चांगला आहे. पण तपासणाऱ्याला फुप्फुसांचा आजार आणि स्नायूंचा आजार यातला फरक ठाऊक नसेल तर? म्हणून आपल्या डॉक्टरांचं पत्र जवळ हवंच.

आणि ते पत्र मिळण्याआधीच किती जणी गळतात! या आजारांतला सर्वांत परिचित प्रकार, डुशेन, प्रामुख्याने मुलग्यांना होतो. त्यामुळे बाई दिसते ती रोग्याची आई म्हणून, रोगी म्हणून नाही. तिच्या तपासण्या, तिचं यंत्र हा घरात सगळ्यांत शेवटचा खर्च. ‘तुला कुठे जायचंय एवढं?’ या एका वाक्यात विषय संपतो.

मैत्रिणींनो, आता थोडं आपल्याकडे वळू. परिषदेचं बोलावणं देताना आपणही प्रेमाने विचारतो, ‘तुला झेपेल ना गं?’ काउंटरवरचा प्रश्नच तो, फक्त मायेने विचारलेला. त्याऐवजी बोलावण्यातच लिहूया : सोबतिणीचं भाडं संघटना देईल, खाटेजवळ प्लग असेल, रात्री वीज गेली तर सोय असेल, उचलून बसवायला बायका असतील. हा खर्च अंदाजपत्रकात मंडप आणि जेवणाच्या शेजारी मांडूया, उपकाराच्या खात्यात नको.

त्या दिवशी मी काउंटरवर म्हटलं, ‘मला विचारा.’ त्याने विचारलं. मी दिल्लीला गेले, बैठकीत बोलले. पण दर वेळी आधी आवाज चढवावा लागतो, आणि माझ्याजवळ श्वास मोजका आहे. तो मला भांडण्यात नाही, बोलण्यात खर्च करायचा आहे.