सही आपली, किल्लीही आपल्याच हाती

लखनौ येथे १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून संगीत महाविद्यालय उभे राहिले. आपल्या रचनांत ‘चतुर’ हे नाव गुंफण्याची त्यांची पद्धत होती. ही मुद्रा कानी पडली की रचनाकार ओळखता येतो. परंतु पुढे कोणी शब्द बदलले, तर ते मुद्रा सांगू शकत नाही. कागदावरील सहीचीही हीच मर्यादा आहे.

डिजिटल स्वाक्षरी ही उणीव भरून काढते. आज उत्तर प्रदेशात उत्पन्नाचे व रहिवासाचे दाखले अशाच स्वाक्षरीने दिले जातात. स्वाक्षरी करताना संगणक संपूर्ण मजकुराचा गणिती ठसा घेतो आणि तो धारकाच्या खासगी किल्लीने बांधतो. त्यामुळे पुढे एक अंक जरी बदलला, तरी पडताळणीत ते उघड होते.

फाइल कूटबद्ध करणे हे याहून निराळे काम. तेथे घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने कुलूप लागते आणि ते केवळ त्याच्या खासगी किल्लीने उघडते. घरच्या संगणकावर ‘जीपीजी-फोर-विन’ या मोफत साधनाने ही दोन्ही कामे होतात. मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार डिजिटल स्वाक्षरीस कायदेशीर बळ हवे असल्यास परवानाधारक प्रमाणन संस्थेचे प्रमाणपत्र लागते.

येथवर सारे भक्कम आहे. कच्चा दुवा आहे तो माणसाच्या सवयीत. विवरणपत्रांच्या घाईत अनेक व्यावसायिक आपले यूएसबी टोकन पिनसह हिशेबनिसाच्या हवाली करतात. कोऱ्या धनादेशावर सही करून देण्याहूनही हे गंभीर आहे. धनादेश एकदाच वटतो. टोकन मात्र प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत कितीही दस्तांवर सही करू शकते. पुढे ‘ही सही माझी नव्हे’ हे पटवून देणे कठीण जाते. शिवाय, खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची वाजवी दक्षता धारकानेच घ्यावी आणि ती परहस्ते गेल्यास प्रमाणन संस्थेस विनाविलंब कळवावे, असे कायद्याचे कलम ४२ सांगते.

वेळ नसतो, ही सबब खोटी नाही. तरीही टोकन स्वतः लावून पिन स्वतः टाकण्याचे ते दोन क्षण म्हणजे सही करण्यापूर्वी दस्त वाचण्याची अखेरची संधी असते. ती दुसऱ्यास का द्यावी? मुद्रा चतुर असून भागत नाही. मुद्राधारकही चतुर असावा लागतो.