गाळलेली पाने

मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाच्या पुस्तकांत शेवटी वाचकाला एक विनंती असे. पुस्तक, त्याचे भाषांतर आणि मांडणी कशी वाटली ते कळवा. माझ्या प्रतीवरचा पत्ता होता: १७, झुबोव्स्की बुलेव्हार, मॉस्को. विद्यार्थिदशेत मला त्या विनंतीचे मोठे अप्रूप वाटे. इतक्या अदबीने माझे मत तोवर कुणीच विचारले नव्हते!

परदेशी भाषांतील प्रकाशनासाठी १९३१ साली सुरू झालेल्या या सरकारी संस्थेला १९६३ मध्ये ‘प्रगती’ हे नाव मिळाले. मार्क्स, एंगल्स, लेनिन यांचे ग्रंथ तिने जगातल्या अनेक भाषांत नेले, मराठीतही आणले. कापडी बांधणी, पक्की शिवण आणि किंमत मात्र नाममात्र. कारण तोटा सरकार सोसत होते. हा सारा प्रचारच होता, असे म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण आमच्या घरात आलेले पहिले जाडजूड पुस्तक तेच होते, हे मी कसे विसरू?

तरीही हिशेबाची दुसरी बाजू मांडलीच पाहिजे. याच राजवटीने पास्तरनाकची ‘डॉक्टर झिवागो’ छापू दिली नाही. ती १९५७ साली मिलानमध्ये, इटालियन भाषेत प्रथम प्रसिद्ध झाली. मायदेशी छापली जायला १९८८ साल उजाडले. जगाला पुस्तके वाटणाऱ्या देशात माणसे बंदी असलेले लेखन टंकयंत्रावर कार्बन लावून चोरून वाचत होती. परक्यांचे मत मागायचे आणि घरच्यांचे तोंड बांधायचे, असा हा व्यवहार.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही आणि त्या स्वस्ताईचा आधारही गेला. म्हणून सारे बाजारावर सोपवावे काय? मला तसे वाटत नाही. खपणार नाही ते बाजार छापत नाही. आपल्याकडेही साहित्य संस्कृती मंडळ सरकारी पैशातून पुस्तके काढते, आणि ती काढावीतच. मात्र पैसा सरकारचा असला, तरी काय गाळायचे हे सरकारने ठरवू नये. सरकारला न रुचणारे पुस्तकही त्याच पैशातून निघते का, हीच खरी कसोटी.

झुबोव्स्की बुलेव्हारला मी पत्र कधी धाडले नाही. आज धाडले असते तर एवढेच लिहिले असते: भाषांतर बरे, मांडणी सुबक, गाळलेली पाने तेवढी पाठवा.