बंद हंगामातही न उतरणारे वीजबिल

रत्नागिरी - दरवर्षी १ जूनपासून मासेमारीबंदी लागू झाली, की मिरकरवाडा बंदरातील वर्दळ थांबते आणि मासळी प्रक्रिया कारखाने व शीतगृहांतील कॉम्प्रेसरवरील भारही उतरतो. मात्र वापर घटला म्हणून बिल त्याच प्रमाणात घटेल, अशी खात्री उच्चदाब जोडणी असलेल्या कारखानदाराला देता येत नाही. स्थिर आकार हे त्याचे परिचित कारण. दुसरे मीटरच्या मोजणीत आहे.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी १ एप्रिल २०२० पासून किलोवॉट तासाऐवजी केव्हीए तासावर होते. किलोवॉट तास म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी 'ॲक्टिव्ह' वीज. मोटार व ट्रान्सफॉर्मर यांना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी 'रिॲक्टिव्ह' वीज काम करीत नाही, वाहिनीतून ये-जा करते आणि तारा मात्र तापवते. पॉवर फॅक्टर ०.८० असेल, तर एक लाख युनिटच्या कामासाठी सव्वा लाख युनिटची आकारणी होते.

यावर कपॅसिटरचा उपाय सर्वज्ञात आहे. पण खरी मेख तेथेच आहे. ऐन हंगामातील भार गृहीत धरून बसविलेले कपॅसिटर मंदीतही जोडलेले राहिले, तर तेच उलट बाजूची, म्हणजे 'लीड' रिॲक्टिव्ह वीज वाहिनीत सोडतात. राज्यातील आकारणीच्या सूत्रात 'लॅग' आणि 'लीड' यांची बेरीज होते, वजाबाकी नाही. छतावरील सौर पॅनेलमुळेही असाच पेच पडतो. महावितरणकडून घेतली जाणारी ॲक्टिव्ह वीज कमी होते, रिॲक्टिव्ह तेवढीच राहते आणि पॉवर फॅक्टर घसरतो.

मोजणीबाबत गैरसमजही बरेच आहेत. थ्री-फेजच्या तीन तारांवर दोन वॉटमीटर पुरतात. त्यांची बेरीज ही ॲक्टिव्ह पॉवर. भार समतोल असल्यास त्यांच्यातील फरकाला तीनच्या वर्गमूळाने गुणले, की रिॲक्टिव्ह पॉवर मिळते. पॉवर फॅक्टर ०.५० च्या खाली गेला, तर एक वॉटमीटर उलटी नोंद दाखवतो आणि ती बरोबरच असते. अर्थात, करंट ट्रान्सफॉर्मरची जोडणी उलटी झाली तरी नोंद उलटीच दिसते. म्हणून मीटरला दोष देण्यापूर्वी जोडणी तपासणे श्रेयस्कर.

भारानुसार कपॅसिटर आपोआप जोडणारे व तोडणारे स्वयंचलित पॅनेल हा हंगामी उद्योगांसाठी व्यवहार्य मार्ग आहे. त्याची क्षमता ठरविताना मे महिन्याच्या बिलाबरोबर जून-जुलैच्या बिलांवरील लॅग व लीडचे आकडेही पाहावे लागतील.