उभी बाटली, दिवाणखान्यात!

दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीचा इतिहास मध्यमवर्गाने विसरू नये असाच आहे. नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रदीर्घ लढा दिला आणि हजारो कुटुंबांना हक्काचे छप्पर मिळाले. विचारसरणी कोणतीही असो, त्या चिकाटीला दाद दिलीच पाहिजे. घरे बेताची होती. पण त्यांत देवघराला आणि पुस्तकांच्या फळीला जागा होती.

अशा बेताच्या घरांसाठी आता नवा सल्ला दिला जातो: कमी खर्चात छोटासा, अभिरुचीपूर्ण 'होम बार'! पुस्तकांच्या कपाटातील दोन फळ्या मोकळ्या करायच्या, मागे आरसा बसवायचा, वर एलईडीची पट्टी, खाली उलटे टांगलेले पेले. सुताराचे काम दोन दिवसांचे. खर्च थोडका, प्रतिष्ठा मोठी!

खर्चाचा हा हिशेबच मुळात फसवा आहे. फळी एकदाच विकत घ्यावी लागते, बाटली मात्र पुन:पुन्हा भरावी लागते. शिवाय महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो. कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. सजावटीच्या सल्ल्यात याचा उल्लेख कितीदा असतो?

'बाहेर पिऊन गाडी हाकण्यापेक्षा घरी बसलेले बरे', असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु त्यासाठी बाटलीला रोषणाई कशाला? कपाटात दडलेल्या बाटलीला निदान संकोचाचे कुलूप असते. दिवाणखान्यात मांडलेली बाटली शाळकरी मुलाला रोज सांगते की, ही या घराची शोभा आहे. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. ते पाठ्यपुस्तकात वाचून मुलाने कोणावर विश्वास ठेवावा? पुस्तकावर की वडिलांवर?

१९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकर अडाणी नव्हता. तो बुद्धिमान वकील होता. सुशिक्षितपणा हे कवच नव्हे, हे मराठी प्रेक्षकाला शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते.

महाराष्ट्रातील गावोगावच्या कष्टकरी स्त्रियांनी तर ते मतपेटीतून सिद्ध केले. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला कौल दिला की गावातील दारूच्या दुकानाला टाळे लागते. त्यासाठी त्यांनी धमक्या सोसल्या, रोजगार बुडवला. आणि उपनगरातील सुशिक्षित कुटुंब? ते कोणाचाही दबाव नसताना, स्वत:च्या पैशाने, आरशासमोर बाटली उभी करते!

घरातला कोपरा रिकामाच असेल, तर तेथे पुस्तके परत येऊ द्यावीत. पाहुण्यांचे स्वागत कोकम सरबतानेही होते. चाळीस वर्षांच्या कष्टाने मिळवलेल्या घरात मानाची जागा कोणाला द्यायची, याचे मतदान रोजच होत असते. आणि घरातली मुले ते निकाल मुकाट्याने टिपत असतात.