दिवा धरणारी कोण?

कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत गृहभेटीला गेलं की एक चित्र अजून भिंतीवर दिसतं : हातातल्या दिव्यापुढे तळवा धरलेली तरुणी. विचारलं तर उत्तर येतं, ‘रविवर्म्याचं.’ रविवर्मा तर १९०६ सालीच वारला. हे जलरंगातलं चित्र सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास रंगवलं. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. चित्रकाराचं नाव चुकतं, पण निदान घेतलं जातं. बाईचं कुणी विचारतच नाही. ती त्यांची मुलगी गीता. दिवा धरून काही तास उभी राहिली. (घरच्या मुलीचे तास, म्हणून ते काम नाही?) पुढे त्या गीता उपळेकर झाल्या. २०१८ साली कोल्हापुरात वारल्या तेव्हा शंभरी ओलांडलेली होती.

पॅरिसमध्ये दृक्प्रत्ययवादी चित्रकार रन्वारसाठी उभी राहणारी सुझान व्हालादों ही कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी. बघून बघून शिकली, स्वतः नावाजलेली चित्रकार झाली. रन्वारच्या १८८३च्या चित्राला नाव मात्र नाचाचं आणि गावाचं.

आता आपले अहवाल, पोस्टर्स काढून पाहा. बाईचा मोठा फोटो, खाली ‘एक लाभार्थी’. गोपनीयता म्हणे! मग चेहरा कसा छापला? जिला धोका आहे तिचा चेहराही नको. बाकीच्यांना फोटो दाखवून विचारा. हो म्हणाली तर तिचं नाव छापा, बापाचं, नवऱ्याचं लावून की नुसतं स्वतःचं, ते ती सांगेल. आणि अंक तिच्या घरी पोचता करा. ठाण्याच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे.