तारामाशाला दोष देण्यापूर्वी

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या ग्रेट बॅरियर रीफवर ‘काट्यांचा मुकुट’ नावाच्या तारामाशाने वेळोवेळी थैमान घातले आहे. आपले जठर तोंडाबाहेर काढून तो प्रवाळावर पसरतो आणि मागे उरतो तो पांढरा सांगाडा. १९८५ ते २०१२ या काळात तेथील जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्यावर आले. त्या हानीत ४२ टक्के वाटा या प्राण्याचा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पाणबुडे एकेका तारामाशाला इंजेक्शन टोचून मारतात. ते आवश्यकच आहे. पण तेवढ्याने भागेल असे मला वाटत नाही. हा प्राणी तेथलाच, परका नव्हे. मग त्याच्या झुंडी का माजतात? क्वीन्सलँडच्या उसाच्या शेतांतील खत पावसाबरोबर समुद्रात उतरते, त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्या खाऊन त्याची असंख्य पिल्ले जगतात, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. शिवाय त्याला खाणारी ट्रायटन ही मोठी गोगलगाय माणसाने शोभेच्या शंखासाठी वेचून नेली.

म्हणजे या पाहुण्याला पान आपणच वाढले! शेतातले खत आवरल्याशिवाय समुद्रातली सुई किती दिवस पुरणार?